उजवीकडं एक सूत जास्त

“ईश्वरा, माझं बूड माप.”

सर्जेआण्णा असं म्हणाले तेव्हा मी पंपाच्या सागवानी प्याटर्नला पॉलिश पेपर मारत होतो. मालकानं सकाळी सकाळी येऊन असलं काही सांगितल्यावर कारागिरानं काय करावं? मी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, “बसून मापू का उभ्यानं?”

“बसून. रेसची गाडी करायची हाय. शीट माझ्या मापाची पायजे.”

मी पट्टी लावली. “अठरा इंच न् दोन सूत.”

“लई भरलं गा. तुझ्या त्या दुसऱ्या पट्टीनं माप की. कमी भरंल.”

आण्णांची ही चेष्टा आमच्या धंद्यातली. कळण्यासाठी थोडं सांगावं लागेल. मी प्याटर्नमेकर. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा, हे माझं काम. पण तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मुळातच थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून आमच्याकडं एक वेगळी पट्टी असते, तिचा फूट जगाच्या फुटापेक्षा एक सूत मोठा. आठ सुतांचा इंच. दिसायला दोन्ही पट्ट्या सारख्याच. फरक माहीत असतो तो प्याटर्नमेकरला आणि देवाला.

साल चौऱ्याहत्तर. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात सर्जेराव इंगवल्यांची फौंड्री होती. पंप, ऑइल इंजिनाचे भाग, उसाच्या चरकाचे दाते, असला माल. आण्णा एकेकाळचे पैलवान, वय चव्वेचाळीस, वजन एकशेदोन किलो. आणि मिशी! समोरचा माणूस आधी मिशीशी बोलायचा, मग आण्णांशी. तालमीत असल्यापासून राखलेली. रोज सकाळी तिला लोणी लागायचं, आणि ते लोणी वहिनी स्वतः काढून ठेवायच्या.

तर या आण्णांनी पेपरात वाचलं, की मद्रासजवळ महायुद्धातल्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर दरसाल मोटारींची शर्यत होते. वीस फेऱ्यांची. बातमीत तिला ग्रां प्री म्हटलं होतं. झालं, खूळ डोक्यात शिरलं.

“परदेशी लोकं काय सोन्याच्या गाड्या करत्यात व्हय?” आण्णा म्हणाले. “लोखंडाच्याच की. मग लोखंडातलं कोल्हापूरला कोण शिकवणार?”

गाडी आम्ही तिघांनी करायची ठरली. आण्णा, मी आणि आमचा फिटर शौकत मुजावर. इंजिन एका संस्थानिकाच्या मोडीत काढलेल्या मोटारीचं. बाकी सगळं घरचं. आण्णांचा एकच नियम होता, “मोडता कामा न्हाई.” शौकत म्हणायचा, “आण्णा, रेसची गाडी हलकी असती.” आण्णा म्हणायचे, “हलकी माणसं असत्यात. गाडी दणकट पायजे.” त्यामुळं जिथं पत्रा चालला असता तिथं बीड, म्हणजे ओतीव लोखंड घातलं, आणि जिथं बीड चाललं असतं तिथं दुप्पट बीड ओतलं.

खंडेनवमीला गाडीची पूजा करायची, असा आण्णांचा हट्ट. त्या दिवशी आमच्याकडं सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून पाटावर मांडतात, झेंडूची फुलं घालतात, आणि मग दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही. अष्टमीच्या दुपारी गाडीचा सांगाडा अजून अर्धा होता.

“वाटून घ्या,” आण्णा म्हणाले. “शौकत, डावी बाजू तुझी. ईश्वरा, उजवी तुझी. फुडच्या चाकापासनं मागच्या चाकापातूर बरोबर आठ फूट. संध्याकाळी जोडायचं.”

मी हात पुढं केला तर माझी साधी पट्टी जाग्यावर नाही. ती कुणीतरी एक दिवस आधीच रॉकेलनं धुऊन पाटावर मांडली होती, वर कुंकू लावलेलं. पाटावर मांडलेलं हत्यार परत कोण उचलणार? खिशात एक पट्टी होती, ती काढली, पाइपावर आठ फुटांच्या खुणा केल्या आणि कापला. माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त एवढंच होतं, की संध्याकाळच्या आत काम उरकायचं आणि घरी जाऊन आंघोळ करायची.

संध्याकाळी सांगाडा जोडला. मागचा आस बसवताना जरा ताणून घ्यावा लागला, तेव्हा शौकत म्हणाला, “तुझा पाइप जरा नाटकी हाय गा, ईश्वऱ्या.” मी म्हटलं, “तुझंच वेल्डिंग वाकडं.” आणि दोघंही हसलो.

खंडेनवमीला निम्मं उद्यमनगर गाडी बघायला आलं. इंजिन बसायचं होतं, पण हळदीसारखा पिवळा रंग लावला होता आणि पुढं नाव घातलं होतं, ‘हरिणी’. नाव वहिनींनी ठेवलेलं. पलीकडच्या फौंड्रीचे बापूसाहेब ढवण पेढा तोंडात टाकून गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

“सर्जेराव, हरिणी कुठं हाय? मला तर गाभण म्हस दिसालीया.”

सगळे हसले. आण्णांचा चेहरा लाल झाला.

“बापूसाहेब, हीच म्हस मद्रासला वीस फेऱ्या मारून येती का न्हाई बघा.”

“पहिला नंबर राहू दे, वीस फेऱ्या जरी पुऱ्या केल्या तरी मी उद्यमनगरात पेढे वाटतो. न्हाई केल्या तर?”

“न्हाई केल्या तर बिंदू चौकात, केरबा न्हाव्याच्या दुकानात बसून मिशी काढतो!”

शब्द तोंडातनं गेला होता. शौकत माझ्या कानाशी म्हणाला, “ढवणास्नी मिशीच न्हाई. ह्यो माणूस एकटाच पैजंवर बसला की रं.”

घरी वहिनींनी आण्णांना उभं आडवं घेतलं. “पैज लावायच्या आधी मला इचारलंसा? लोणी कोण काढतंय एवढी वर्सं? मिशीवर माझा बी निम्मा हक्क हाय!” आण्णा फौंड्रीत येऊन बसले ते जेवायच्या वेळेपर्यंत उठले नाहीत.

पुढं इंजिन बसलं. गाडी चालवून बघायला आम्ही कागलच्या रस्त्यावर नेली. पळाली, पण सारखी डावीकडं जायची. आण्णा स्टेअरिंग उजवीकडं दाबून धरून परत आले, आणि म्हणाले, “रस्त्याला डावीकडं ढाळ हाय.” रस्त्याला ढाळ होताच, सगळ्या रस्त्यांना असतो. त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. मला तर नाहीच नाही.

फेब्रुवारीत गाडी ट्रकवर चढवून आम्ही तिघं मद्रासला गेलो. धावपट्टी बघितली. जमीन ताटासारखी सपाट. तिथं ढाळ नावाला सुद्धा नव्हता. सरावाला आण्णा गाडी घेऊन निघाले, आणि हरिणी गेली की डावीकडं! शिवाय मागचा भाग एका बाजूला आणि पुढचा एका बाजूला, अशी खेकड्याच्या चालीनं.

“टायरमदी हवा कमी,” शौकत म्हणाला. हवा बघितली, बरोबर होती. “मग पुढचं चाक.” तेही बरोबर होतं. तेवढ्यात दुसऱ्या एका गाडीचे लोक बघायला आले. त्यांच्या गाड्या हलक्याफुलक्या, चार माणसांनी उचलाव्यात अशा. त्यातला एकजण हिंदीत म्हणाला, “आपकी गाडी का नाप गलत है.”

आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “नाप? ये हमारा ईश्वरा है. इसके नाप में बाल नहीं जाता, बाल!”

ते गेल्यावर मी ट्रकच्या मागं गेलो. पिशवीतनं पट्टी काढली, शौकतचा टेप शेजारी धरला. फुटाला एक सूत. आठ फुटांना आठ सूत. म्हणजे अख्खा एक इंच! हरिणीची उजवी बाजू डावीपेक्षा एक इंच लांब होती. मागचा आस तिरका, म्हणून ती आखूड बाजूला वळत होती. पाइप कापून परत जोडायचा तर तीन दिवसांचं काम, आणि शर्यत दुसऱ्या दिवशी.

मी पट्टी पिशवीत कोंबली आणि तिथंच बसलो. सांगावं तर कसं सांगावं? उद्यमनगरात टोपणनाव पडायला अर्धा तास पुरतो. आमचा एक मोल्डर, म्हणजे साचे करणारा, एकदा पंप ओतताना भोक ठेवायला विसरला. तो माणूस जाऊन वीस वर्षं झाली, त्याच्या नातवाला अजून बिनभोक्याचा नातू म्हणतात. माझा बाप प्याटर्नमेकर, आजा प्याटर्नमेकर. मी लाजेपायी गप्प बसलो. सरळ सांगतो, भ्यालो.

दुसऱ्या दिवशी शर्यतीत बारा गाड्या होत्या. झेंडा पडला तशा अकरा गाड्या बाणासारख्या गेल्या आणि मग आमची हरिणी निघाली. तिथल्या फेऱ्या घड्याळाच्या दिशेनं, म्हणजे वळणं सगळी उजवीकडं. आणि आमच्या बाईला जायचं डावीकडं. प्रत्येक वळणावर आण्णा दोन्ही हातांनी स्टेअरिंग असं ओढायचे, की गाडी चालवतायत का कुणाला चीत करतायत तेच कळत नव्हतं.

“दम धरा आण्णा! सोडू नगासा!” शौकत ओरडत होता. आजूबाजूच्या मद्रासी लोकांना मजा वाटायला लागली. दहाव्या फेरीला तेही ओरडायला लागले. काय ओरडत होते ते देव जाणे.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या दिवशी पाच गाड्या मोडल्या. कुणाचं चाक निखळलं, कुणाचं इंजिन पेटलं. हरिणीचं काहीसुद्धा मोडलं नाही. बीड ते बीड.

आण्णांची चौदावी फेरी चालू असताना पहिल्या गाडीच्या वीस फेऱ्या झाल्या. झेंडेवाल्यानं चौकडीचा झेंडा हलवला, शर्यत संपली. तिथला नियम असा, की पहिला आला की बाकीच्यांनी जिथं असतील तिथनं फेरी पुरी करून थांबायचं. सगळे थांबले. आण्णा झेंडेवाल्याला हात करून तसेच पुढं गेले.

झेंडेवाला चिडला. दोन साहेब पळत आमच्याकडं आले. इंग्रजीत काहीतरी बडबडले. शौकत त्यांना उर्दूत सांगायला लागला, त्यांना ते कळेना. शेवटी त्यानं नाकाखाली दोन बोटांनी मोठी मिशी काढून दाखवली, सहा बोटं दाखवली, मग हाताची कात्री करून मिशीवर चालवली आणि गाडीतल्या आण्णांकडं बोट केलं.

साहेब एकमेकांकडं बघत राहिले. पण झेंडेवाल्याच्या तोंडावर चांगली टोकदार, काळी कुळकुळीत मिशी होती. त्यानं स्वतःच्या मिशीला हात लावला. मग साहेबांना बाजूला घेऊन काहीतरी बोलला, आणि झेंडा काखेत मारून परत आपल्या जाग्यावर जाऊन उभा राहिला.

आणि आमची एकटी गाडी पळत राहिली. एका बाजूला बक्षीस समारंभ चालू, हार घालतायत, फोटो काढतायत, आणि मधनंच हरिणी खडखडत जायची. लोक बक्षीस सोडून फेऱ्या मोजायला लागले. सोळा. सतरा. अठरा. सरळ रस्त्यावर आण्णा उजवा हात झटकून घेताना मला लांबनं दिसत होते. एकोणीस!

विसाव्या फेरीचं शेवटचं वळण आण्णांनी घेतलं. समोर सरळ रस्ता, शंभर-सव्वाशे पावलं. मी मनातल्या मनात अंबाबाईला खण कबूल केला. तेवढ्यात आण्णांच्या उजव्या दंडात गोळा आला. हात सुटला. आणि हरिणी, इतका वेळ ओढून धरलेली, एकदाची आपल्या मनासारखी डावीकडं वळली. रस्ता सोडला, गवत ओलांडलं, आणि एका शहाळीवाल्याच्या ढिगावर चढून थांबली. इंजिन चालूच. पुढची दोन्ही चाकं शहाळ्यांवर, हवेत.

आम्ही धावत गेलो. शहाळीवाला शांत माणूस असावा. त्यानं कोयता घेतला, चाकाखालचंच एक शहाळं फोडलं आणि आण्णांच्या हातात दिलं.

“आण्णा, ढकलतो आम्ही,” मी म्हणालो. “चला, उरलंय किती!”

“हात लावायचा न्हाई. दुसऱ्यानं ढकललं तर ती फेरी माझी न्हवं.”

आण्णांनी स्वतः उतरून जोर लावला. पण एक हात कामातनं गेलेला, आणि आम्ही गाडी केलेली दणकट. हलली नाही. झेंडेवाला आला, त्यानं आण्णांकडं बघितलं, काखेतला झेंडा काढून हळूच हलवला आणि बोटांनी ‘वीस’ दाखवले.

“बघा, तो बी म्हणतोय!” मी म्हटलं. माझा जीव नुसता तळमळत होता. “वीस झाल्या म्हणूया, आण्णा. कोल्हापुरात कोण मोजायला बसलंय?”

आण्णांनी शहाळं संपवलं. मिशीवरचं पाणी पुसलं. “मी मोजल्यात की. एकोणीस न् जरा.”

आठवड्यानं बिंदू चौकात केरबाच्या दुकानापुढं मुंगीला वाट नव्हती. ढवण बापूसाहेब पहिल्या बाकावर बसलेले, पण त्यांचाच चेहरा पडला होता. “सर्जेराव, राहू द्या हो,” ते म्हणाले. “चेष्टेत बोललो मी.”

“मी चेष्टेत बोललो न्हवतो,” आण्णा म्हणाले, आणि खुर्चीवर बसले.

गर्दीतनं कुणीतरी विचारलं, “पर आण्णा, गाडी डावीकडं का जात हुती? माप चुकलं हुतं का?”

शौकत माझ्या शेजारीच होता. लोक त्याच्याकडं बघायला लागले, कारण सांगाडा जोडणारा तो. आता मात्र मला राहवेना. मी पुढं झालो. “आण्णा, मला एक सांगायचं हाय. त्या गाडीचा...”

“ईश्वरा, गप बस.” आरशातनं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “गाडीत कायबी खोट न्हवती. वजन माझं! बसलो की डावीकडं कलंडतोय, तालमीत डाव्या पायात मार बसल्यापासनं. एवढं बूड घिऊन रेसच्या गाडीत बसायचं माझ्या आईनं सांगितलं हुतं व्हय?”

चौक हसून हसून पडला. केरबानं वस्तरा उचलून परत खाली ठेवला. “मालक, मला पाप लागंल,” तो म्हणाला. आण्णांनी डोळे मिटले. दोन मिनिटांत काम झालं. एवढा मोठा माणूस, पण त्या बोडक्या तोंडानं अगदी शाळेतल्या पोरासारखा दिसायला लागला. मी दुकानातनं बाहेर आलो आणि भिंतीकडं तोंड करून रडलो.

घरी वहिनी दारात उभ्या होत्या. भांडायच्या तयारीत होत्या म्हणे. आण्णांना बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. “अगं बया! तुमास्नी वठ बी हाईत व्हय!” त्यांचं कुत्रं मात्र आठ दिवस आण्णांवर भुंकत होतं.

हरिणी शेडच्या मागं गेली. तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. मी कामाला जायचो, पण आण्णा आले की मान वर करायचो नाही. रोज ठरवायचो, आज सांगायचं. रोज संध्याकाळ व्हायची. असे तीन महिने गेले.

एके दिवशी सकाळी आण्णा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मिशी परत आली होती. पहिल्याइतकी नाही, पण टोकं वळलेली.

“ईश्वरा, माप.”

“काय मापू?”

“मिशी. साध्या पट्टीनं.”

मला वाटलं नवीन खूळ. मी पट्टी घेतली, नाकापासनं डावीकडं लावली. “तीन इंच.”

“आता उजवी.”

उजवीकडं लावली. परत लावली. “तीन इंच न् एक सूत. आण्णा, केरबाला सांगा, उजवीकडं जरा जास्त ठेवलीया त्यानं.”

“त्यानं न्हाई. मी सांगितलंया तसं.” आण्णा माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, “उजवी बाजू तुझ्याकडं हुती न्हवं?”

माझ्या हातातनं पट्टी खाली पडली.

“कवा... कवा कळलं तुमास्नी?”

“सरावाच्या दिवशी. ट्रकच्या मागनं आलास तवा तुझं तोंड बघितलं. मग तुम्ही जेवाय गेलासा तवा चाकांस्नी दोरी लावून बघितली. बरोबर एक इंच!”

“आणि तरी गाडीत बसलासा? मला चार शिव्या तरी द्यायच्या हुत्या! चौकात मी सांगत हुतो, तर मला गप केलासा!”

“मग काय करू? मिशी काय, तीन म्हैन्यात आली. तुझं नाव गेलं असतं तर कवा आलं असतं गा?”

आण्णांनी वाकून पट्टी उचलली, माझ्या खिशात ठेवली, आणि दारापर्यंत जाऊन परत वळले. “पंपाचं प्याटर्न आज झालं पायजे. आणि लेका, कुठली पट्टी खिशात हाय ते बघ.”

त्यानंतर आण्णा छत्तीस वर्षं जगले. मिशी पांढरी झाली, पण उजवीकडं ती कायम सूतभर जास्त होती. लोक म्हणायचे, केरबाचा हात तिरका आहे. केरबाचा पोरगा दुकानात बसायला लागला, तर लोक म्हणाले, बापाचा गुण उतरला. मी ऐकून घ्यायचो. शौकतलासुद्धा मी कधी सांगितलं नाही. तो गेला, ढवणही गेले. आता आज सांगितलंय, पाडा काय टोपणनाव पाडायचं ते.

आण्णा गेल्यावर त्यांच्या पोरानं ऑफिसात लावायला मोठा फोटो करायला दिला. नमुना दाखवायला स्टुडिओवाला आला होता, मीही तिथं होतो. तो म्हणाला, “साहेबांची मिशी एका बाजूला जरा जास्त दिसतेय. कॉम्प्युटरवर सारखी करून देतो.”

“द्या करून,” पोरगा म्हणाला.

मी काठी टेकत उठलो आणि फोटोपुढं जाऊन उभा राहिलो.

“हात लावायचा न्हाई,” मी म्हणालो. “माप बरोबर हाय.”